पट्टा कमरेला नको, खुब्याला हवा

उभे राहा आणि दोन्ही हात कमरेवर ठेवा, भांडायला उभं राहिल्यासारखे. हाताखाली हाडाची जी कड लागते, जिच्यावर पँटचा पट्टा किंवा परकराची नाडी टेकते, तिथून तळहात मांडीच्या बाहेरच्या बाजूने खाली सरकवा. वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर गेलं की एक टणक उंचवटा लागेल. तोच का, अशी शंका आली तर हात तिथेच ठेवून त्या बाजूचा पाय टाचेवर आत-बाहेर फिरवा. तळहाताखाली हाड फिरताना कळतं. हा खुबा. फरशीवर कुशीला झोपलं की टोचतो तोच.

अपघातात ओटीपोटाची हाडं मोडलेल्या माणसाला जो रुंद पट्टा बांधतात, तो इथे बांधायचा असतो. मुंबईत कॅज्युअल्टीत काम करताना मी तो कमरेवर, बेंबीवर, एकदा तर थेट बरगड्यांखाली बांधलेला पाहिला आहे. बांधणारे निष्काळजी नव्हते. घाईत होते, आणि त्यांना कुणी नीट दाखवलेलं नव्हतं.

या पट्ट्याचं नाव पेल्व्हिक बाइंडर. मराठीत आपण सर्रास ‘कमरेचा पट्टा’ म्हणतो, आणि मला वाटतं निम्मा घोळ तिथेच होतो. पेल्व्हिसच्या हाडांना आपण ‘कमरेचं हाड’ म्हणतो, मग हातही आपोआप कमरेकडे जातो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जखमी ब्रिटिश सैनिकांच्या एक्स-रेंचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात जेमतेम निम्म्या जणांचा पट्टा खुब्याच्या पातळीवर सापडला. चुकलेल्यांपैकी बहुतेकांचा तो वर होता, आणि वर बांधलेल्यांच्या हाडांमधली फट नीट मिटलेली नव्हती. रोज युद्धातल्या जखमा बघणाऱ्या, प्रशिक्षण घेतलेल्या माणसांची ही गोष्ट.

बांगडी एकाच ठिकाणी मोडत नाही

पेल्व्हिस म्हणजे हाडांचं एक कडं. मागे मधोमध पाचरीसारखं त्रिकास्थी, माकडहाडाच्या जरा वर. त्याच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पसरलेली दोन मोठी हाडं. ती पुढे वळून जननेंद्रियाच्या वर एकमेकांना भेटतात आणि मधे कूर्चेची गादी असते. मागचे दोन सांधे इतक्या जाड स्नायुबंधांनी बांधलेले असतात की ते सुटायला फार मोठा जोर लागतो. याच कड्यात मूत्राशय, मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक, बाईच्या अंगात गर्भाशय, आणि पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात.

काचेची बांगडी एकाच जागी मोडायचा प्रयत्न करा, जमत नाही. एका बाजूला तडा गेला की दुसरीकडेही जातो. या कड्याचंही बहुतेक वेळा तसंच होतं. पुढे सांधा फाकला तर मागेही काहीतरी सैल झालेलं असतं. समोरून जबर दाब आला, म्हणजे डंपर आणि भिंत यांच्यात माणूस सापडला किंवा दुचाकीची टाकी दोन पायांमध्ये आदळली, तर कडं पुढून उघडतं. हाडांचे डॉक्टर याला ‘ओपन बुक’ म्हणतात, उघडलेलं पुस्तक. कुशीवर आदळलं तर कडं आतल्या बाजूला दबतं. उंचावरून एका पायावर पडलं तर अर्धं कडं वर सरकतं. कोणता प्रकार आहे ते एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सांगतो. रस्त्यावर आणि रुळांवर ते कुणालाच सांगता येत नाही.

मुंबईत ही दुखापत कुणाला होते ते आपण सगळे बघत असतो. दारात लोंबकळताना लोकलमधून पडलेले, रूळ ओलांडताना धडक बसलेले, परांचीवरून कोसळलेले कामगार, खड्डा चुकवताना घसरून मागच्या ट्रकच्या चाकाखाली आलेले दुचाकीस्वार, दहीहंडीला वरच्या थरावरून पडलेले गोविंदा. बहुतेक तरुण, घरात कमावणारे.

मोडलेलं हाड जुळतं. जीव जातो तो रक्तस्रावाने. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. पेल्व्हिसच्या मागच्या बाजूला नाजूक शिरांचं जाळं पसरलेलं असतं, हाडं सरकली की ते फाटतं. शिवाय मोडलेल्या हाडाचा ताजा पृष्ठभागही झिरपत राहतो. हे रक्त पोटाच्या मागच्या जागेत साचतं, आणि तिथे तीन-चार लिटर सहज मावतं. बाहेर थेंबही दिसत नाही. तरुण माणसाचं शरीर हट्टी असतं, दीड लिटरच्या आसपास रक्त जाईपर्यंत ते बीपी टिकवून धरतं. नाडी मात्र धावत असते, हातपाय गार पडतात, माणूस घाबरा होतो, विनाकारण चिडतो. ‘बीपी नॉर्मल आहे, थांबू या जरा’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

पट्टा नेमकं काय करतो

आतलं बहुतेक रक्त शिरांमधून आणि हाडातून येतं, म्हणजे त्याला जोर कमी असतो. अशा रक्ताची गुठळी धरू शकते, हाडं हलली नाहीत तर. जखमेची खपली आपण सारखी काढत राहिलो तर ती कधी भरेल का? आत मोडकी हाडं एकमेकांवर घासत राहिली की हेच होतं. दर वेळी कूस बदलताना, दर वेळी स्ट्रेचर बदलताना नुकती धरलेली गुठळी सुटते. आणि पहिल्यांदा धरलेली गुठळी सगळ्यांत पक्की असते, कारण तेव्हा गोठण्याचं सामान अंगात भरपूर शिल्लक असतं.

म्हणून पट्ट्याचं पहिलं काम हाडं स्थिर ठेवण्याचं. दुसरं काम उघडलेलं कडं मिटवायचं, म्हणजे रक्त साचायला जागा कमी मिळते. लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो आणि ती चाकाचे तुकडे बाहेरून आवळून धरते, तसं. आता खुबाच का, ते बघा. खुबा मांडीच्या हाडाचा भाग आहे आणि मांडीच्या हाडाचा गोळा पेल्व्हिसच्या खोबणीत बसलेला असतो. दोन्ही खुबे बाहेरून आत दाबले की जोर त्या गोळ्यांमधून थेट कड्याच्या मधोमध पोचतो आणि पुढची फट मिटते. तोच पट्टा कमरेवर बांधला तर वरच्या पसरट पाकळ्या दाबल्या जातात, फट तशीच राहते, काही मोडांमध्ये आणखी उघडूही शकते. वर पोटावर दाब येऊन श्वास अडतो, आणि पोटाची सोनोग्राफी किंवा तातडीचं ऑपरेशन करायचं तर पट्टा नेमका मधे येतो. खुब्यावर बांधलेला पट्टा पोट मोकळं ठेवतो.

एका पावसाळ्यातली संध्याकाळ सांगते. उपनगरातल्या एका बांधकामावर तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पाय घसरून पडलेला पस्तिशीचा कामगार आमच्याकडे आला. आधी त्याला जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे बाइंडर होता, त्यांनी तो बांधला होता, हे खरंच कौतुकाचं. पण बांधला होता बेंबीवर, चिखलाने भरलेल्या पँटवरून. नाडी १३० आणि बीपी ८०. “सिस्टर, चादर द्या. मामा, कात्री.” पँट कापली. उजव्या खिशात चुन्याची डबी निघाली, डाव्यात मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा. पट्टा खाली सरकवला असता तर ती पत्र्याची डबी बरोबर खुब्यावर दाबून बसली असती आणि दोन तासांत कातडी मेली असती.

आम्ही आधी त्याचे पाय जवळ आणले, पावलं आतल्या बाजूला वळवली, गुडघे आणि घोटे बांधले. मग घडी घातलेली चादर गुडघ्याखालच्या पोकळीतून आत घालून दोघांनी दोन टोकं धरली आणि करवत चालवावी तशी हळूहळू वर नेली. खुब्याच्या पातळीवर आल्यावर दोघांनी एकाच वेळी विरुद्ध दिशांना ओढलं, पीळ दिला आणि दोन्ही बाजूंना टॉवेल क्लिप लावल्या. चादर पक्की बसल्यावरच बेंबीवरचा पट्टा सोडला. तो कण्हायचा थांबला आणि म्हणाला, “आता बरं वाटतंय.” केवळ चादरीमुळे त्याचं बीपी चढलं असं मी म्हणणार नाही, तोपर्यंत रक्ताची पहिली पिशवीही चालू झाली होती. पण त्याला हलवताना जो ओरडा निघत होता तो बंद झाला, आणि वेदना कमी होणं म्हणजे आत हाडं घासायची थांबणं.

बांधताना

तयार पट्टे वेगवेगळे येतात. सॅम स्लिंगचं बक्कल ठरावीक ओढ मिळाली की ‘टक्’ आवाज करून अडकतं. ही ओढ साधारण १५ किलो वजनाएवढी असते. त्याहून आवळून काही मिळत नाही. टी-पॉडला दोरीची छोटी कप्पी असते, आणि पट्टा आधी असा कापायचा की पुढे १५ ते २० सेंटिमीटर जागा मोकळी राहील. दोन्ही नसतील तर चादर. तिची घडी वीतभर तरी रुंद हवी, दोरीसारखी बारीक गुंडाळली तर मांसात रुतते. माझ्या मते प्रत्येक अॅम्ब्युलन्समध्ये आणि प्रत्येक कॅज्युअल्टीत एक धुतलेली, घडी घातलेली चादर याच कामासाठी वेगळी ठेवलेली असावी. बाइंडर नाही म्हणून हातावर हात धरून बसायचं काहीच कारण नाही.

शक्यतो पट्टा कातडीवर बांधायचा, निदान खिसे रिकामे करून आणि जाड शिवणी, बेल्ट काढून. पुढच्या माणसाला तो उघडून बघावा लागू नये म्हणून. माणसाला पूर्ण कुशीवर वळवायचं नाही. शक्य असेल तर स्कूप स्ट्रेचर, म्हणजे दोन फाळांत उघडून दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवता येणारं. वळवावंच लागलं तर १०-१५ अंश, पट्टा किंवा स्ट्रेचरचा फाळ सरकवण्यापुरतं. आणि एक जुनी सवय मोडायला हवी: कमरेची दोन्ही हाडं हातांनी दाबून, फाकवून ‘हलतंय का’ बघण्याची. मलाही विद्यार्थिदशेत तसंच दाखवलं होतं. हलणारं असेल तर आपणच गुठळी सोडवतो, आणि हललं नाही म्हणून मोड नाही असंही ठरत नाही.

बांधायचा कुणाला? अपघात जबर आहे, आणि कमरेत, जांघेत, पाठीच्या खालच्या भागात दुखतंय, किंवा एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, लघवीच्या जागी रक्त आहे, जांघेत-वृषणात काळंनिळं झालंय, किंवा नाडी धावतेय, बीपी उतरलंय, तर बांधा. माणूस बेशुद्ध किंवा दारू प्यायलेला असेल, किंवा दुसरी एखादी भयंकर जखम त्याचं सगळं लक्ष खेचत असेल, तर ‘दुखत नाही’ या उत्तराला काही अर्थ नसतो. अशा वेळी अपघाताचा जोर बघूनच ठरवायचं. गरोदर बाईलाही बांधता येतो, पोटाच्या खाली, खुब्यावरच. घरात बाथरूममध्ये घसरलेल्या सत्तरीच्या आजींचं प्रकरण वेगळं. त्यांचं कडं बहुधा बाजूने दबलेलं असतं, उघडलेलं नसतं. बीपी-नाडी ठीक असेल तर पट्ट्याने फारसा फायदा नाही, आणि आधीच आत दबलेली हाडं आणखी दाबली जाऊ शकतात.

बाइंडर पहिला नंबर लावत नाही, हेही सांगायला हवं. लोकलखाली पाय तुटून रक्ताची धार लागली असेल तर आधी ती थांबवायची. श्वास अडकला असेल तर आधी श्वास. मांडीचं हाडही मोडलं असेल तर ते ओढून धरणारी, जांघेला रेटून बसणारी खपाटी पेल्व्हिसच्या मोडात टाळायची, कारण तिचा सगळा रेटा त्याच मोडक्या कड्यावर येतो.

फलाटावर, रस्त्यावर

तुम्ही डॉक्टर नाही, पण एखाद्या सकाळी तुमच्यासमोर असं घडू शकतं. मुंबईकर मदतीला धावतो, यात शंका नाही. चार हात लगेच पुढे येतात, एकजण खांद्याखाली धरतो, एकजण पाय उचलतो आणि माणूस झोळीसारखा वाकतो. ते टाळा. त्याला बसवू नका, ‘पाय टाकून बघ’ म्हणू नका. रुळांवर असेल तर हलवावंच लागतं, तेव्हा स्टेशनमास्तरांकडून स्ट्रेचर आणि हमाल बोलवा आणि अंग सरळ ठेवून उचला. रेल्वेसाठी १३९, अॅम्ब्युलन्ससाठी १०८. वाट बघताना दोन्ही पाय जवळ घेऊन, मधे घडी घातलेला कपडा ठेवून, ओढणीने किंवा पंचाने गुडघे आणि घोटे सैलसर पण पक्के बांधता येतात. दुखणं वाढलं तर सोडून द्या. अंगावर काहीतरी पांघरूण घाला, कारण गार पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही. आणि पाणी पाजू नका. तोंड सुकलेला माणूस पाणी मागतो, आपल्या जिवाला ते बघवत नाही, हे खरं. पण त्याला कदाचित तासाभरात भूल द्यायची असते.

पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४-अ रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही.

आणि रुग्णालयात आल्यावर

इथे एक सापळा आहे, आणि त्यात चांगले चांगले फसतात. पट्टा उत्तम बांधला असेल तर एक्स-रेमध्ये पेल्व्हिस अगदी ठीक दिसू शकतं. पुस्तक मिटलेलं असतं ना! ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून कुणी पट्टा सोडतो आणि दहा मिनिटांत बीपी कोसळतं. म्हणून पट्टा असताना काढलेल्या फोटोवर पेल्व्हिस शाबूत आहे असं ठरवायचं नाही. रुग्ण स्थिर असेल तर हाडांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पट्टा सैल करून पुन्हा फोटो काढतात. त्याच एक्स-रेवर पट्ट्याचं बक्कल खुब्याच्या रेषेत दिसतंय का, तेही बघून घ्यायचं. लघवीच्या जागी रक्त असेल तर नळी जोर करून घालायची नाही, मूत्रमार्ग फाटलेला असू शकतो.

पट्टा धमनीतून उसळणारं रक्त थांबवू शकत नाही. त्यासाठी कॅथलॅबमध्ये ती धमनी आतून बुजवावी लागते, किंवा ऑपरेशन करून ओटीपोटात पॅकिंग करावं लागतं, म्हणजे कापडाच्या घड्या घट्ट भराव्या लागतात, बाहेरून सळ्यांची चौकट बसवावी लागते. सलाईन ओतत राहण्यापेक्षा रक्त लवकर द्यावं लागतं. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे वीस हजारांहून जास्त रुग्णांवरच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ चाचणीतून दिसलं. ट्रॅनेक्झॅमिकचा पुरावा असा भक्कम आहे. बाइंडरने किती जीव वाचतात याचा तितका भक्कम पुरावा नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो फट मिटवतो आणि हाडं स्थिर करतो, एवढं मात्र पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तो वेळ मिळवून देतो. त्या वेळेत वरचं सगळं झालं नाही तर पट्टा एकटा पुरा पडत नाही.

आणि तो कायमचा नाही. खुबा, माकडहाडाची जागा, नितंब, जिथे हाड कातडीच्या जवळ आहे तिथे काही तासांत दाबाची जखम होऊ शकते. २४ तासांच्या आत पट्टा निघायलाच हवा, जितका लवकर तितका बरा, आणि तोवर कातडी पुन्हा पुन्हा बघायला हवी. पण बांधला कधी, हेच माहीत नसेल तर मोजणार कुठून? एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाताना ही वेळ हमखास हरवते. चिठ्ठी नातेवाइकाच्या खिशात, नातेवाईक खाली औषधाच्या दुकानात.

त्या संध्याकाळी आमच्या सिस्टरांनी चादरीच्या गाठीशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पेनने ठळक लिहिलं: ‘७.४०, खिसे रिकामे.’ रात्री वॉर्ड बदलला, डॉक्टर बदलले, पट्टी तिथेच होती. सकाळी थिएटरमध्ये पुढच्या सांध्यावर प्लेट बसवताना ती चादर कापली गेली. उजव्या खुब्यावरची कातडी लालसर होती, पण फुटलेली नव्हती.